मोकाट

गेल्या उन्हाळ्यात घरातली जुनी कागदपत्रे निवडण्याचे काम मी बऱ्याच टाळाटाळीनंतर हाती घेतले. विजेची बिले, चर्चासत्रांची निमंत्रणे, विद्यार्थ्यांनी कधीकाळी दिलेले निबंध अशा ढिगातून एका अर्जाची झेरॉक्स प्रत निघाली. अर्ज 2009 सालचा. मजकूर माझा, हस्ताक्षरही माझेच. खाली आमच्या इमारतींतील एकोणचाळीस रहिवाशांच्या सह्या, आणि त्यांत पहिली माझी. इतकी वर्षे मराठी शिकवूनही माझ्या नावावर फारसे लेखन नाही. पण माझ्या ज्या लेखनाचा प्रत्यक्ष जगावर काही परिणाम झाला असे एखादे दाखवायचेच झाले, तर मला हा अर्ज दाखवावा लागेल. तो परिणाम कोणता, आणि अर्जातल्या एका शब्दाशी त्याचा संबंध कसा पोचतो, हे येथे मांडण्याचा प्रयत्न आहे.

मोरिवली हे अंबरनाथला लागून असलेले गाव. अंबरनाथ म्हटले की अभ्यासकांना 1060 सालचे शिलाहारकालीन शिवमंदिर आठवते, आणि तेथल्या रहिवाशांना त्या मंदिराशेजारून वाहणाऱ्या वालधुनीच्या पाण्याचा बदलता रंग. मोरिवलीची ओळख आता गावापेक्षा औद्योगिक वसाहतीमुळे अधिक आहे. कारखान्यांच्या भिंती, त्यांच्याजवळ चाळी, चाळींच्या पलीकडे आमच्यासारख्या नोकरदारांच्या चारमजली इमारती, आणि या सगळ्यांच्या मधे कुठे कुठे उरलेले माळाचे तुकडे, असे तिचे रूप होते. आमच्या इमारतीमागे असा एक दोन-अडीच एकरांचा तुकडा होता. पावसाळ्यात तो हिरवा होई, दिवाळीनंतर पिवळा पडे, आणि आकाश स्वच्छ असले की त्याच्यापलीकडे मलंगगडाचा सुळका दिसे.

त्या माळावर एक आजी शेरडे चारीत. मूळच्या त्या माण तालुक्यातल्या. दुष्काळाच्या दिवसांत नवऱ्याबरोबर इकडे आल्या. नवरा कारखान्यात लागला, पुढे कारखाना बंद पडला, काही वर्षांनी नवराही गेला, आणि पंधरा-वीस शेरडांच्या आधारावर आजींनी घर चालवले. मी सकाळी गॅलरीत चहा घेताना त्या खाली दिसत. हातात एक काठी, कमरेला खोचलेले खुरपे, आणि तोंडाने सतत काहीतरी चाललेले. ते शेरडांशी बोलणे होते की स्वतःशी, हे मला कधी कळले नाही. मधूनच वाकून त्या काहीतरी उपटीत आणि बांधावर ठेवीत. रानभाजी गोळा करीत असाव्यात असे मी गृहीत धरले होते. रस्त्यात भेटल्या की “काय मास्तर, कॉलेज का?” एवढे विचारीत, आणि मी “हो आजी” म्हणून पुढे निघे. आमची ओळख एवढीच.

अर्जाला कारणे होती, हे नमूद केले पाहिजे. शेरडांनी दोनदा तळमजल्यावरच्या कुंड्या फस्त केल्या होत्या. वाहनतळावर लेंड्या पडत. वसाहतीने हौसेने लावलेली रोपे एका दुपारी शेंड्यांसकट नाहीशी झाली. बैठक बसली, आवाज चढले, आणि संबंधित कार्यालयाला अर्ज करण्याचे ठरले. लिहिणार कोण, असा प्रश्न निघताच सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मराठीचा प्राध्यापक इमारतीत असताना दुसऱ्या कोणी का लिहावे? मलाही ते आवडलेच. मी लिहिले : “सदर मोकळ्या जागेत मोकाट जनावरांचा उपद्रव दिवसेंदिवस वाढत असून त्यामुळे परिसरातील हिरवळ नष्ट होत आहे. तरी सदर जागेस तातडीने कुंपण घालून तेथे चराईस मज्जाव करण्यात यावा, ही विनंती.” शेवटी पर्यावरणाविषयी एक वाक्यही जोडले होते. बैठकीत ते वाचून दाखवल्यावर एक गृहस्थ म्हणाले, “व्वा, आता कसं वजन आलं!”

अर्जाला वजन खरोखरच आले असावे, कारण वर्षभरात कुंपण उभे राहिले.

पहिल्या पावसाळ्यात माळावर गवत कमरेएवढे वाढले. वाऱ्यावर त्याच्या लाटा उठत, मुनियांचे थवे बियांवर उतरत, आणि गॅलरीतून ते दृश्य पाहताना माझ्या मनात कर्तव्यपूर्तीचे समाधान दाटून येई. आजी दिसेनाशा झाल्या. त्याची चौकशी मी केली नाही. पुढच्या उन्हाळ्यात ते वाळलेले गवत एका रात्री पेटले. कोणी विडी टाकली की मुद्दाम लावले, कळले नाही. नंतर कुंपणाला एक भगदाड पडले आणि त्यातून रात्री-अपरात्री राडारोड्याचे ट्रक आत जाऊ लागले. जळलेल्या आणि उकरलेल्या त्या जमिनीवर पुढच्या पावसात जे उगवले ते गवत नव्हते. कडेकडेने रानतुळस माजली, कुंपणाला धरून घाणेरी वाढली, आणि मधल्या साऱ्या भागात गाजर गवताची पांढरी फुले डोलू लागली. लांबून ती कोथिंबिरीला आलेल्या फुलांसारखी दिसत. शेजारच्या एका लहान मुलीने त्यांचा गुच्छ करून मला आणून दिला होता.

त्यानंतरच्या हिवाळ्यात माझी मान, पापण्या आणि कोपरांच्या खळगी लालभडक होऊन खाजू लागल्या. साबण बदलून पाहिला, पथ्य करून पाहिले. त्वचारोगतज्ज्ञांनी पुष्कळ प्रश्न विचारल्यावर शेवटी विचारले, “घराजवळ गाजर गवत आहे का?” त्या वनस्पतीतील पार्थेनिन नावाचे द्रव्य काही माणसांच्या कातडीला सोसत नाही, आणि एकदा का शरीराला त्याचा राग आला की वाऱ्याबरोबर येणारे तिचे वाळलेले कणही पुरेसे होतात. मी घरी आलो आणि गॅलरीचा दरवाजा लावून घेतला. आमच्या अर्जाने मागितलेली हिरवळ दाराबाहेर उभी होती.

मग मी या तणांविषयी वाचू लागलो. भाषेचा माणूस असल्यामुळे प्रथम नावांपाशीच अडखळलो. पार्थेनियमची भारतातील पहिली ठळक नोंद पन्नाशीच्या दशकात पुण्याची आहे. पीएल-480 खाली अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते आले असे आपण सर्वजण ऐकत आलो आहोत. मात्र पुण्यात ते दिसल्याच्या आणि तो गहू आल्याच्या तारखा इतक्या लगतच्या आहेत की ही कथा डोळे मिटून स्वीकारणे कठीण वाटते. तरीही लोकभाषेने निर्णय देऊन टाकला : ‘काँग्रेस गवत’. कोणी म्हणतात ते अमेरिकेच्या काँग्रेसवरून, कोणी म्हणतात पांढऱ्या टोपीसारख्या फुलांवरून. घाणेरीचे नाव तिच्या वासावरून. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी साहेबाने ती बागेची शोभा म्हणून या देशात आणली. वेडी बाभूळ, बेशरम, रानमोडी ही इतर नावे पाहा. आपल्या भाषेने देशी झाडांना अशी शिवीवजा नावे क्वचितच दिली असतील. ज्यांतल्या बहुतेकांचा गुरांना उपयोग नाही, आणि हाकलले तरी जे जात नाही, त्याला गुराख्याने आणि शेतकऱ्याने दिलेली ही नावे आहेत. म्हणजे तणाची पहिली समीक्षा गुरे राखणाऱ्यांनी केलेली आहे. ‘तण खाई धन’ या म्हणीतले धनही मुळात गोधन आणि धान्यच असणार.

येथे वाचकाच्या मनात साहजिकच असा निष्कर्ष येईल की शेरडे राहिली असती तर त्यांनी हे तण खाऊन टाकले असते. काही दिवस मीही तसेच समजत होतो, आणि त्या समजुतीत माझ्या अपराधाला एक सुबक आकार मिळत होता. पण खरी गोष्ट तशी नाही. गाजर गवताला जनावर सहसा तोंड लावत नाही. नाइलाजाने खाल्ले तर दूध कडू होते आणि जनावर आजारी पडते. घाणेरीची पाने गुरांच्या यकृताला बाधतात, त्यांना कावीळ होते आणि ऊन सोसत नाही. रानतुळशीच्या वासानेच ती मान फिरवतात. किंबहुना माळावर झेपतील त्याहून अधिक जनावरे सोडली, तर ती सगळे चांगले गवत खुडून टाकतात आणि नकोशा झाडोऱ्याला मैदान मोकळे करून देतात. कच्छच्या बन्नी गवताळ प्रदेशात साठच्या दशकाच्या सुरुवातीला वनखात्याने वेडी बाभूळ लावली. तिच्या गोड शेंगा गुरांनी आवडीने खाल्ल्या आणि शेणावाटे तिचे बी सगळीकडे पेरले. तेथे तणाचा प्रसार करणारे जनावरच ठरले.

याच्या नेमकी उलट उदाहरणेही आहेत. अमेरिकेच्या उत्तरेकडील कुरणांत युरोप-आशियातून आलेली एक युफोर्बिया वर्गातली वनस्पती माजली आहे. आपल्याकडच्या शेराची ती दूरची नातलग, तसाच पांढरा चीक असलेली. गाई तिच्यापासून दूर राहतात. शेळ्यामेंढ्या मात्र ती खातात. तेथील पशुपालक शेळ्यामेंढ्यांचे कळप आणून ती काबूत ठेवतात. पण त्याचे शास्त्र आहे. फूल येण्याआधी कळप आणायचा, थोड्या जागेत पुष्कळ जनावरे थोडेच दिवस ठेवायची, झाड पुन्हा फुटले की पुन्हा आणायची, आणि बी धरल्यावर चारलेली जनावरे काही दिवस बांधून ठेवल्याशिवाय दुसऱ्या रानात न्यायची नाहीत, कारण पोटातून बीही प्रवास करते. तेच जनावर, तेच तोंड. पण केव्हा, कुठे, किती दिवस हे कोणीतरी ठरवावे लागते.

या प्रश्नावर आपल्याकडे घडलेला सर्वांत बोलका प्रसंग भरतपूरचा आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईला येऊन मिळतो. केवलादेवच्या पाणथळ जागेत आसपासच्या गावांच्या म्हशी पिढ्यान्‌पिढ्या चरत. राष्ट्रीय उद्यान झाले म्हणजे गुरे नकोत, हा विचार त्या काळी सर्वमान्य होता, आणि पक्षितज्ज्ञांचाही त्याला पाठिंबा होता. 1982 च्या नोव्हेंबरात चराई बंद करण्यात आली. गावकऱ्यांनी विरोध केला, गोळीबार झाला, माणसे मेली. म्हशी गेल्या, आणि पास्पालम जातीच्या एका गवताने उथळ पाणी व्यापायला सुरुवात केली. उघड्या पाण्यावर जगणाऱ्या पाणपक्ष्यांची जागा आक्रसत गेली. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या शास्त्रज्ञांनी डॉ. विजयन यांच्या नेतृत्वाखाली दहा वर्षे तेथे अभ्यास केला आणि निष्कर्ष काढला की म्हशींची चराई त्या जागेला हानिकारक तर नव्हतीच, उलट तिच्यामुळे ते गवत आटोक्यात राहत होते. ज्या संस्थेच्या वर्तुळातून बंदीला बळ मिळाले होते, तिच्याच अभ्यासाने बंदी चुकली असे सांगितले. याबद्दल त्या संस्थेचा आदर वाटतो. गोळीबारात गेलेल्यांना मात्र तो निष्कर्ष वाचायला मिळाला नाही.

कास पठाराची गोष्ट अधिक जवळची आणि सुदैवाने रक्तहीन आहे. पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर 2012 साली कास युनेस्कोच्या यादीत गेले. पर्यटकांच्या पायांपासून फुलांना वाचवण्यासाठी तेथे जाळीचे कुंपण घातले गेले, आणि त्याबरोबर गुरांचेही येणे थांबले. काही वर्षांनी स्थानिक लोक आणि जाणकार सांगू लागले की उंच वाढणाऱ्या गवतांखाली बोटभर उंचीची फुलझाडे झाकोळून जात आहेत; गुरे होती तेव्हा ती गवते खुरटी राहत आणि खालच्या फुलांना ऊन मिळे. अखेर कुंपण हटवण्याचा निर्णय झाला. पर्यटकाला बाहेर ठेवणारी जाळी गुराख्यालाही बाहेर ठेवते, हे ध्यानात यायला दशकभर लागले.

म्हणजे चराई चांगली आणि बंदी वाईट, असे म्हणावे काय? तेही नाही. हिवरे बाजारची चराईबंदी महाराष्ट्रात सर्वांना ठाऊक आहे. तेथे बंदीने डोंगर हिरवे केले. परंतु ती बंदी गावाने स्वतःवर घातली होती, आणि तिच्या जोडीला गवत विळ्याने कापून घरी नेण्याची सोय होती. जनावर डोंगरावर गेले नाही, तरी डोंगराचे गवत जनावराकडे गेले आणि माणसाची नजर गवतावर राहिली. आमच्या माळावर आम्ही केवळ बंदी आणली. नजर कोणाचीच ठेवली नाही.

हे सगळे वाचून झाल्यावर मी अर्जाकडे पुन्हा वळलो. विद्यार्थ्यांना आपण सांगतो की संहितेत एखादा शब्द असा असतो की तो हलवला तर सगळी इमारत ढासळते. माझ्या अर्जात तो शब्द ‘मोकाट’ हा आहे. आजींची शेरडे मोकाट कधीच नव्हती. जेव्हा जेव्हा मी ती पाहिली, तेव्हा तेव्हा त्यांच्यामागे एक माणूस उभे होते, आणि ते माणूस मला नावानिशी नसले तरी चेहऱ्याने चांगले परिचित होते. कुंड्या खाल्ल्या त्या दुपारी डोळ्याला डोळा लागला असेल. त्याबद्दल आजींकडे तक्रार करता आली असती. पण ‘अमुक बाईंची शेरडे’ असे लिहिले असते तर तो दोन शेजाऱ्यांमधला किरकोळ वाद ठरला असता. ‘मोकाट जनावरे’ लिहिल्याबरोबर ते सार्वजनिक संकट झाले. शासकीय भाषेत हा शब्द इतका घोटलेला आहे की तो लिहिताना लेखणी अडखळत नाही. त्या एका विशेषणाने मी माळावरून माणूस पुसून टाकले, आणि नंतर कुंपणाने केवळ माझ्या वाक्याची अंमलबजावणी केली.

मराठीत या शब्दाचा विरुद्धार्थी शब्द ‘बांधलेले’ हा नाही. ‘राखलेले’ हा आहे. गुरे राखतात, रान राखतात, शेत राखतात, आणि माणसाचा मानही राखतात. या एका क्रियापदात पाहणे, अडवणे, सोडणे आणि वाट पाहणे हे सारे येते. वर उल्लेखिलेल्या प्रत्येक उदाहरणात चराई औषध ठरली की विष, हे जनावराच्या जातीइतकेच या राखण्यावर अवलंबून होते. दिवाळीनंतर घाट उतरून कोकणात येणारे धनगर भाताच्या रिकाम्या खाचरांत मेंढ्या बसवतात तेव्हा कोणत्या शेतात किती रात्री हे ठरवूनच बसवतात. त्याला आपण भटकणे म्हणतो. तेही त्या ‘मोकाट’चेच भावंड.

सर्वांत अधिक टोचले ते आणखी वेगळेच. अर्ज लिहिला त्या काळात मी वर्गात महात्मा फुले यांचा ‘शेतकऱ्याचा असूड’ शिकवीत होतो. 1883 सालच्या त्या ग्रंथात जोतीरावांनी जंगलखात्यावर जो कोरडा ओढला आहे, त्याचे एक मुख्य कारण गायराने आणि डोंगर त्या खात्याने गिळले आणि गोरगरिबांच्या शेरडामेंढरांना उभे राहायला जागा उरली नाही, हे आहे. मी तो परिच्छेद आवाज चढवून वाचीत असे. त्याच्या शैलीतील आवेग, उपरोध, बोलीचा वापर यांवर मी विद्यार्थ्यांना टिपणे दिली होती. तसेच आमच्या ठाणे जिल्ह्यात 1945 च्या वारली लढ्यात गवत कापणीच्या मजुरीचा प्रश्न अग्रभागी होता, हे गोदावरी परुळेकरांच्या ‘जेव्हा माणूस जागा होतो’च्या संदर्भात मी दर वर्षी सांगत आलो. गवतावर माणसांचे पोट असते हे मला पाठ होते. सकाळी ते शिकवून मी संध्याकाळी घरी आलो आणि अर्ज लिहिला. आणि दोन्ही वेळा माझी भाषा, ज्याला आपण ‘प्रभावी’ म्हणतो, तशी होती. साहित्य वाचल्याने माणूस संवेदनशील होतो, असे आपण निबंधांत लिहितो. माझ्या बाबतीत ते अजून सिद्ध व्हायचे आहे.

आजींचा पत्ता काढायला फारसे कष्ट पडले नाहीत. त्या बदलापूरला मुलाकडे राहतात. दिसणे कमी झाले आहे, ऐकू मात्र चांगले येते. मी ओळख सांगितली तेव्हा म्हणाल्या, “मास्तर व्हय? बसा की.” चहा झाला. शेरडे कुंपण झाल्यावर चार महिन्यांत विकली, असे त्यांनी सांगितले. नेऊन चारायला दुसरीकडे जागा नव्हती, आणि विकतचा पाला परवडेना. मी माळावर माजलेल्या गाजर गवताविषयी बोललो आणि विचारले, “आजी, शेरडं ते खात होती का?”

“छ्या! त्याला कोन तोंड लावतंय? चुकून खाल्लं तर दूध कडू.”

“मग तेव्हा ते एवढं का नव्हतं?”

“मी उपटत हुते न्हवं!” त्या जरा चकित होऊनच म्हणाल्या. “फुलायच्या आदी उपटायचं. हाताला फडकं गुंडाळून. फुललं का मग हात लावायचा न्हाई, बी सांडतंय. शेरडांना खायला गवत पायजे तर ह्ये काढायला नको?”

मी रानभाजी समजत होतो ते हे. एका झाडाला दहा-पंधरा हजारांहून अधिक बिया धरतात, आणि म्हणून फुलण्याआधी मुळासकट उपटणे हाच सर्वांत खात्रीचा उपाय, हे मी कृषी विद्यापीठांच्या पुस्तिकांतून नुकतेच शिकलो होतो. गाजर गवत खाणारे मेक्सिकन भुंगे 1984 पासून आपल्या देशात सोडले गेले आहेत. पावसाळ्यात ते ठीक काम करतात, एरवी झोपी जातात. आजी बारमाही होत्या. त्यांना माळ एका बाजूने अर्धा चारून दुसरा अर्धा राखायचीही सवय होती. हे सगळे त्या तणनियंत्रण म्हणून करीत नव्हत्या; शेरडांचे पोट भरावे म्हणून करीत होत्या. शेरडे थेट तण खात नव्हती हे खरे. पण शेरडे होती म्हणून गवताला मोल होते, गवताला मोल होते म्हणून तणावर नजर होती. मधला दुवा काढल्यावर दोन्ही टोके सुटली.

मग मी ज्यासाठी गेलो होतो ते सांगितले. अर्ज मी लिहिला होता, आणि त्यात तुमच्या शेरडांना मोकाट म्हटले होते. आजी थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. नंतर म्हणाल्या, “मोकाट? आन मी काय करत हुते मग तिथं?”

त्या प्रश्नात राग नव्हता. खरोखरच उत्तर हवे असल्यासारखा तो विचारला होता. मला उत्तर देता आले नाही. निघताना मी म्हणालो, माळाचा थोडा भाग अजून रिकामा आहे, वसाहतीशी बोलून बघतो, कोणी चार शेरडे पाळणार असेल तर. आजी हसल्या. “पाळतील. राखनार कोन?”

माळाचा अर्ध्याहून अधिक भाग आता इमारतींखाली गेला आहे. उरलेल्या पट्ट्यात गेल्या पावसाळ्यात, फुले धरण्याआधी, आम्ही चौघांनी हातमोजे घालून गाजर गवत उपटले. माझ्या त्वचेमुळे मला ते काम डॉक्टरांनी मना केले आहे, म्हणून मी बांधावर उभा राहून उपटलेल्या झाडांच्या पेंढ्या मोजतो. दोन रविवारांत पट्ट्याचा जेमतेम एक कोपरा झाला. आजी हे एकट्याने, शेरडांकडे एक डोळा ठेवून, वर्षानुवर्षे कसे करीत असतील, याचा अंदाज मला अजून बांधता आलेला नाही.

अर्जाची प्रत मी फाडली नाही. यंदा ‘असूड’ शिकवायला घेईन तेव्हा ती बरोबर नेणार आहे. लेखकाचे नाव न सांगता विद्यार्थ्यांपुढे ठेवावी, की सांगून, हे मात्र अजून ठरत नाही.